सरकारी भिंती आणि घरची शोभा

आपले घर नीटनेटके व शोभिवंत असावे अशी हौस कोणत्या गृहिणीस नसते? परंतु आमच्या खेड्यापाड्यांतील घरांत या हौसेच्या आड दोन गोष्टी नेहमी येतात. एक पैसा व दुसरी सवड. तिसरीही एक अडचण असू शकते, हे आम्हांस मध्यंतरी भोपाळला एका नातलगांच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला तेव्हा कळले. ती अडचण म्हणजे घर आपल्या मालकीचे नसणे.

भोपाळच्या नव्या भागात शिवाजी नगर नावाची वसाहत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि त्याची राजधानी भोपाळ ठरली. त्यापूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. साहजिकच सचिवालयातील पुष्कळशी मराठी कुटुंबे आपली भांडीकुंडी बांधून नागपुराहून भोपाळला आली. त्यांच्यासारख्या नोकरदारांसाठी शासनाने जी घरे बांधली त्यांतच शिवाजी नगरची घरे मोडतात. बसथांब्यांना तेथे नावांऐवजी आकडे आहेत. ‘सहा नंबर’ म्हटले की रिक्षावाल्यास पुढे काही सांगावे लागत नाही. बैठी व दुमजली जुनी घरे, पुढे थोडे अंगण, आणि सर्वत्र झाडेच झाडे. २०२४ च्या जून महिन्यात शिवाजी नगर व शेजारचे तुलसी नगर येथे मंत्र्यांसाठी व आमदारांसाठी नवी घरे बांधण्याचा बेत निघाला होता. त्यापायी सुमारे २९,००० झाडे जातील असे जेव्हा लोकांच्या कानी आले, तेव्हा तेथील बायामाणसे रस्त्यावर उतरली, झाडांना मिठी मारून उभी राहिली, आणि शासनास तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. दारातली सावली हीदेखील घराची शोभाच, हे त्या बायकांना कोणी शिकवावे लागले नाही.

ज्यांच्या घरी आम्ही उतरलो त्या नात्याने आमच्या मावशी. त्यांचे सासरे १९५६ साली नागपुराहून आले. आज घर मुलाच्या नोकरीवर आहे. “हे घर सरकारचं. उद्या बदली झाली की किल्ली परत करायची,” मावशी म्हणाल्या. “भिंतीत खिळा ठोकायचा नाही, रंग आपल्या मनचा लावायचा नाही. मग काय, आम्ही घर भिंतीवर नाही सजवत, भिंतीपुढं सजवतो.”

हे ‘भिंतीपुढे सजवणे’ आम्ही कुतूहलाने पाहिले. बैठकीच्या खोलीत दोन हात रुंदीची एक लाकडी फळी भिंतीस टेकवून ठेवली होती. तिला गेरूचा हात दिलेला, त्यावर पांढऱ्या मातीने रेघा, ठिपके व चौकटी काढलेल्या. ही नक्षी मावशींनी घरकामास येणाऱ्या एका गोंड बाईकडून उचलली होती. मंडला आणि दिंडोरीकडील गोंड बायका सारवलेल्या भिंतीवर व जमिनीवर सणासुदीस अशी नक्षी काढतात. तिला त्या ‘डिगना’ म्हणतात. पांढरी छुई माती, लाल गेरू, पिवळी रामरज (आपल्याकडे तिला पिवडी म्हणतात) आणि शेण, एवढेच साहित्य. दुकानात जाण्याचे कारण नाही.

भोपाळ शहरास या भिंतीवरच्या कलेचे मोठे ऋण आहे. झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावची भुरीबाई नावाची भिल्ल मुलगी येथे मजुरीस आली. १९८२ साली उघडलेल्या ‘भारत भवन’ या कलामंदिराच्या बांधकामावर ती घमेली वाहत असे. तेथील चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी तिला घरी भिंतीवर काढतेस तेच येथे कागदावर काढ, असे सुचविले. घरी असताना तिचे रंग म्हणजे गेरू, खडूची माती, तव्याची काजळी आणि पाल्याचा रस. त्याच भुरीबाईंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी दुर्गाबाई व्याम यांना तो मान मिळाला. त्यांचा हात तर लहानपणी घरच्या डिगन्यावरच बसलेला. आमच्या वसई-पालघरकडील वाचकांना वारली बायकांचा लग्नाचा चौक ठाऊकच आहे. गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. भगिनींनो, ज्यास आपण ‘आदिवासींचे काहीतरी’ म्हणून बाजूस सारतो, ते मुळात गृहिणीचे घर सजवणेच होय. आमच्या घरांतून मात्र प्लास्टिकची फुले धूळ खात असतात!

मावशींची फळी करावयास सोपी आहे. जुन्या कपाटाचा पत्रा अथवा प्लायवूडचा तुकडा घ्यावा. गेरू रात्रभर भिजवून फडक्यातून गाळावा, म्हणजे खडे राहत नाहीत. त्यात भाताची घट्ट पेज किंवा डिंकाचे पाणी घालावे. नाहीतर हात लागताच रंग निघतो. पांढऱ्यासाठी तांदळाचे पीठ किंवा खडू. पिवळ्यासाठी हळद वापरू नये. ती उन्हाने थोड्याच दिवसांत उडते, शिवाय चुन्याशी गाठ पडली की लाल होते. कुंकू तसेच तर करतात. पिवडी व गेरू ही लोखंडाच्या गंजाची माती, ती उडत नाही. मावशींच्या घरातून बदलीच्या दिवशी ही फळी ट्रकमध्ये चढेल, आणि भिंत होती तशी राहील.

बाजारच्या रंगाविषयी येथेच एक शब्द सांगितला पाहिजे. शिसे हे लहान मुलांच्या मेंदूस घातक विष आहे, आणि चकचकीत पिवळ्या-लाल तैलरंगांत ते पूर्वी सर्रास असे. भारतात नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे असू नये असा नियम आहे. म्हणजे नवा डबा घेताना त्यावर तसे लिहिलेले पाहून घ्यावे, आणि जुन्या दाराखिडक्यांचा रंग कोरडा घासून उडवू नये. ओला करून खरवडावा व त्या वेळी मुलांना शेजारी पाठवावे. शेंदूरही मुळात शिशाचाच होय. पाळण्यास किंवा खेळण्यास तो फासू नये.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची घरे त्यांची स्वतःची आहेत. त्यांना मावशींसारखा खिळ्याचा धाक नाही. त्यांच्यासाठी चुन्याइतका चांगला मित्र नाही. चुन्याची कळी पाण्यात घातली की पाणी उकळते. म्हणून ती मोठ्या लोखंडी भांड्यात, थोडी थोडी, आणि मुलांना दूर ठेवून विरवावी. प्लास्टिकची बादली मुळीच नको. निदान एक-दोन दिवस मुरू द्यावी, गाळावी, चिकटपणासाठी डिंक वा सरस घालावा, आणि पांढरेपणासाठी किंचित नीळ. भिंत आधी पाण्याने ओली करून पातळ हात द्यावेत. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात टिकतात. भिंतीवर चुना हवेतील वायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो, बुरशीस थारा देत नाही, आणि भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. ओल्या भिंतीवर तैलरंग लावला तर आत कोंडलेल्या ओलीने फोड येतात, आणि पैसे फुकट गेल्याचे दुःख वर्षभर डोळ्यांपुढे राहते. चुना लावताना डोळ्यांस जपावे. डोळ्यात गेलाच तर चोळू नये; निदान पाव तास स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि तडक दवाखाना गाठावा.

भिंतीच्या पायथ्याशी वीतभर गेरूचा पट्टा ओढण्याची आपली जुनी रीत आहे. लादी पुसताना उडणारे शिंतोडे त्यात दिसत नाहीत. आजीच्या हुशारीचा हा नमुना आम्ही शहरातील कित्येक महागड्या घरांत नाहीसा झालेला पाहिला आहे.

आता स्वच्छतेकडे वळू. मावशींच्या मोरीवर आम्हांस एकही रंगीत बाटली दिसली नाही. एका फळीवर रिठे, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, व्हिनेगर, चिंचेचा गोळा आणि राखेचा डबा. रिठ्याच्या सालीत फेस येणारे द्रव्य असते. दहा-बारा रिठे रात्री भिजवून सकाळी उकळावे व कुस्करून गाळावे, म्हणजे रेशमी साडीपासून देव्हाऱ्यावरच्या वा वेदीवरच्या लेसपर्यंत सर्व काही धुता येते. तांब्या-पितळेस चिंच वा कोकम आणि मीठ; आंबटाने काळा थर विरघळतो. घासून झाल्यावर लगेच पाण्याने धुऊन कोरडे पुसावे, नाहीतर हिरवा डाग उठतो. तेलकट ओट्यास व जाळीस धुण्याचा सोडा, गरम पाण्यातून. मात्र तो ॲल्युमिनियमच्या भांड्यास लावू नये, ते काळे पडते व झिजते. नळास, बादलीस जो पांढरा क्षार बसतो त्याच्यासाठी व्हिनेगर दुप्पट पाण्यात मिसळून फडके गुंडाळून ठेवावे.

हल्ली पुष्कळ जणी सोडा व व्हिनेगर एकत्र करतात. फेस जोरात येतो, मनास समाधान वाटते, परंतु आंबट व खारट यांनी एकमेकांस मारल्यावर उरते ते बहुतांशी मिठाचे पाणीच. दोन्ही वेगवेगळे वापरावे. दुसरी चूक फरशीची. शहाबादी, कडप्पा, कोटा व संगमरवर हे सारे चुन्याच्या जातीचे दगड. त्यांवर लिंबू किंवा व्हिनेगर पडले की झळाळी जाते व ती परत येत नाही. त्यांना साधे पाणी व क्वचित थोडे रिठ्याचे पाणी पुरे.

झाडपाल्याचे म्हणून सगळे निरुपद्रवी असते असेही नाही. कापूर मुलाने खाल्ला तर झटके येतात. कपड्यांत ठेवण्याच्या डांबराच्या गोळ्यांनी काही तान्ह्या बाळांचे रक्त नासते. त्यापेक्षा सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला बरा. आणि घरात जुलाब-वांतीचा आजारी असेल तर लिंबावर विसंबू नये. तेथे ब्लीचिंग पावडरच हवी, खिडक्या उघड्या ठेवून.

ब्लीचिंग पावडरचे नाव निघाले म्हणून भोपाळमधील ती संध्याकाळ सांगितल्यावाचून राहवत नाही. मावशींची मोलकरीण संडास घासण्याचे ॲसिड विकत आणून ब्लीचिंगवर ओतण्याच्या बेतात होती. मावशी एरवी शांत बाई. पण त्या ओरडल्याच. “अगं बाई, या गावात पुन्हा वायू नको!” ॲसिड व ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, ईप्र येथे सैनिकांवर सोडला तोच हा. बंद मोरीत दोन मिनिटांत श्वास कोंडतो. आणि मावशींच्या ओरडण्यामागे १९८४ सालची २ व ३ डिसेंबरच्या मधली रात्र होती. शहराच्या उत्तरेकडील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यात एका टाकीत पाणी शिरले, मिथिल आयसोसायनेट हा वायू बाहेर पडला आणि हजारो माणसे झोपेतून उठून रस्त्यावर मरून पडली. पिकावरची कीड मारावयाची पावडर तेथे बनत असे. त्या आवारात साठवून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी पिथमपूरला हलविला गेला तोच मुळी २०२५ च्या जानेवारीत. मावशी त्या वेळी याच घरात होत्या. पहाटे जुन्या शहराकडून माणसे येऊ लागली, एवढेच त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवावयास उठल्या.

आम्हीही दोषमुक्त नाही. आमच्या घरी फिनेल सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची वाईट खोड होती. फिनेल पाण्यात पडले की पांढरे होते. एका उन्हाळ्यात आमच्या धाकट्या भाच्याने भांड्यात राहिलेले ते पाणी ताक समजून तोंडास लावले. घरच्या वडीलधाऱ्यांनी मीठपाणी पाजून ओकारी काढण्याची घाई केली. डॉक्टरांनी नंतर आम्हांस चांगलेच खडसावले. फिनेल, रॉकेल किंवा ॲसिड पोटात गेले असता ओकारी कधीही काढू नये, वर येताना ते फुप्फुसांत शिरते किंवा घसा दुसऱ्यांदा जाळते. बाटलीसकट मुलास दवाखान्यात न्यावे. पोर वाचले. त्या दिवसापासून आमच्या घरी अशी वस्तू तिच्या मूळ बाटलीतच, छपरालगतच्या फळीवर असते.

मावशींच्या घरची आणखी एक युक्ती सांगण्याजोगी आहे. दोन दारांच्या चौकटींना आधीपासून असलेल्या आकड्यांत सुतळी ताणून, तीवर लाकडी चिमट्यांनी कुटुंबाची छायाचित्रे लावलेली. नागपूरच्या घरापासून नातवाच्या प्रथम कम्युनियनपर्यंत. जुन्या इरकली साडीचे पडदे, काठ खाली येतील असे शिवलेले. वेदीपाशी पितळी तांब्यात अंगणातलीच शेवंती. भिंतीस एकही भोक नाही.

नाताळापूर्वी ज्यांना घरास हात फिरवावयाचा आहे त्यांनी पावसाळ्याची ओल पुरती वाळू द्यावी. पहिल्यांदा गळकी कौले व फुटके नळ दुरुस्त करावेत. गळती तशीच ठेवून लावलेला चुना वाया जातो. नोव्हेंबरच्या अखेरीस कोरडा आठवडा पाहून चुना विरवावा, तीन हातांस तीन दिवस धरावेत, गेरूचा पट्टा सर्वांत शेवटी ओढावा. रिठे मात्र आताच मिळतील तेवढे घेऊन उन्हात खडखडीत वाळवून ठेवावेत. दमट डब्यात त्यांना बुरशी धरते.