हेडलॅम्प मंद झाला? तिसऱ्या सेलकडे बघा

आजचा विषय आहे डोक्याला बांधायचा हेडलॅम्प आणि त्यातले चार्ज होणारे सेल. आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरी म्हणतात आणि आतल्या सेललाही बॅटरीच म्हणतात. गोंधळ नको म्हणून मी दिव्याला हेडलॅम्प म्हणेन आणि आतल्या वस्तूला सेल.

तक्रार बहुतेक एकच असते: “रात्रभर चार्ज केले, तरी अर्ध्या तासात उजेड गेला.” किल्ला उतरताना, किंवा रात्रीची लाईट असते म्हणून मोटार चालू करायला शेतात जाताना असं झालं, तर पाय दगडावर पडतोय की सापावर, ते दिसत नाही. मग माणूस वैतागून सगळे सेल टाकून देतो, नाहीतर नवा हेडलॅम्प घेतो. पुष्कळदा दोन्हींची गरज नसते. संशयित चार आहेत: दिवा, जोडणी, चार्जर आणि सेल. एकेकाला बाजूला काढत जायचं.

सुरुवातीला सेलचा स्वभाव समजून घेऊ. बाजारात मिळणारे पेन्सिल सेलच्या आकाराचे चार्जिंगचे सेल बहुतेक निकेल मेटल हायड्राइडचे असतात. त्यांचा दाब १.२ व्होल्ट, साध्या अल्कलाइन सेलचा १.५ व्होल्ट. तीन सेलच्या हेडलॅम्पमध्ये हे ३.६ विरुद्ध ४.५ व्होल्ट होतात. त्यामुळे काही हेडलॅम्प चार्जिंगच्या सेलवर थोडे मंद लागतात, किंवा ‘सेल संपत आले’ असा इशारा लवकर देतात. हा बिघाड नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अल्कलाइनचा दाब हळूहळू उतरतो, म्हणून उजेड आधीपासून कमी होत जातो. चार्जिंगचा सेल बराच वेळ १.२ व्होल्टच्या आसपास टिकतो आणि शेवटी एकदम कोसळतो. म्हणजे उजेड जाण्याआधी फारशी सूचना मिळत नाही. जादा सेल खिशात हवेतच.

आता तपासणी. पहिलं काम, एकाच कंपनीचे तीन नवे अल्कलाइन सेल घालून बघा. हेडलॅम्प नीट चालला तर दिवा निर्दोष. संशय सेलवर आणि चार्जरवर. तरीही लुकलुकत असेल तर जोडणी बघा.

सेलच्या खणातली स्प्रिंग आणि पत्रा पाहा. पांढरी भुकटी दिसली तर पूर्वी अल्कलाइन सेल गळला आहे. ती अल्कली असते. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग ओलसर कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. भुकटी हाताला किंवा डोळ्याला लागू देऊ नका. ब्लेडने खरवडू नका. वरचा मुलामा गेला की पत्रा गंजतो. सेलची डबी डोक्यामागे असेल तर दिवा चालू ठेवून तिची वायर हलवून बघा. तेव्हा उजेड फडफडला तर दोष वायरचा.

जोडणी ठीक असेल तर चार्जरकडे या. बरेच स्वस्त चार्जर सेल जोडीनेच चार्ज करतात: दोन किंवा चार. आपल्या हेडलॅम्पला लागतात तीन! मग तिसरा सेल एकतर उपाशी राहतो, नाहीतर रिमोटमधल्या अर्ध्या भरलेल्या सेलबरोबर जोडी लावून बसतो. शिवाय काही चार्जर सेल भरला की नाही हे न बघता ठरावीक वेळाने बंद होतात. प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणारा चार्जर घ्या. माझ्या मते नव्या हेडलॅम्पच्या आधी पैसे इथे घालावेत.

आता सेल. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. चार्ज करून काही तास ठेवलेला सेल साधारण १.३ व्होल्ट दाखवतो. पण एवढ्यावर विश्वास ठेवू नका. म्हातारा सेलही रिकामा बसलेला असताना चांगला आकडा दाखवतो, काम पडलं की कोसळतो. भिंतीवरच्या घड्याळात चालतो म्हणून सेल चांगला, हेही खरं नाही; घड्याळाला अगदी थोडा करंट लागतो. म्हणून हेडलॅम्प पूर्ण उजेडावर लावा, मंद झाला की लगेच सेल काढून एकेक मोजा. दोन १.२ च्या जवळ आणि एक १ व्होल्टच्या खाली, असं निघालं तर गुन्हेगार सापडला.

तिघे एका रांगेत असतात, तिघांतून सारखाच करंट जातो. दुबळा आधी रिकामा होतो आणि उरलेले दोघे त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलतात. त्याची ध्रुवता उलटते, तो आणखी बिघडतो. म्हणून उजेड मंद झाल्यावर ताणत बसू नका. जुने-नवे मिसळू नका. तीन सेल एकदम घ्या, मार्करने त्यांच्यावर एकच खूण आणि वर्ष लिहा, आणि तिघांना एकत्रच ठेवा.

चार्ज करून महिनोन्‌महिने ठेवलेल्या सेलवर निघू नका. जुन्या पद्धतीचे सेल नुसते ठेवले तरी बरेच उतरतात. २००५ पासून चार्ज टिकवून धरणारे सेल मिळतात; क्वचित लागणाऱ्या हेडलॅम्पला तेच बरे.

हेडलॅम्पमध्ये लिथियम सेल आणि टाइप-सी पोर्ट असेल तर एक सोपी युक्ती. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने काही स्वस्त हेडलॅम्प चार्जच होत नाहीत. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावून बघा. लडाख-हिमाचलच्या थंडीत शून्य अंशाखाली लिथियम सेल चार्ज करू नका. आत कायमची इजा होते. रात्री हेडलॅम्प स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा आणि सेल उबदार झाल्यावरच चार्ज करा. आणि सेल फुगला असेल, तर तपासणी तिथेच संपली. त्याला टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका.

बाद सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले सेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपल्या शहरातल्या ई-कचरा संकलन केंद्रात द्या. देताना लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, म्हणजे ठिणगी पडणार नाही.