वाचनाचा वेळ घराने द्यायचा असतो

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर झुंबड उडते. कष्टकरी माणूस पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ विकत घेतो, ही आपल्या चळवळीची अभिमानाची बाब आहे. पण घरी आणलेली त्यातली किती पुस्तके शेवटच्या पानापर्यंत वाचून होतात? वस्तीत काम करताना हा प्रश्न विचारला की तरुणांचे उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते, "वाचायचंय हो, पण वेळच मिळत नाही."

हे उत्तर खोटे नाही. सकाळची ड्युटी, लोकल किंवा बसचा प्रवास, संध्याकाळचा क्लास, रविवारचे कार्यक्रम यातच आठवडा संपतो. म्हणून 'इच्छा असली की वेळ निघतो' एवढे सांगून भागत नाही. जमीन आणि पैशाप्रमाणे वेळही समाजात असमान वाटला गेला आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात, तर घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांची जेमतेम ९७ मिनिटे. म्हणजे घरातला मुलगा अभ्यासिकेत बसतो, तेव्हा त्याची बहीण बऱ्याचदा भांडी घासत असते. तिला वाचनाची आवड नाही असे म्हणण्याआधी तिच्या दिवसाचा हिशेब मांडायला हवा.

बाबासाहेबांच्या वाचनाच्या गोष्टी आपण सगळे सांगतो, पण त्यातला एक धागा सुटतो. परळच्या चाळीतल्या एका खोलीत मोठे कुटुंब राहत होते. दिवसा त्या गजबजाटात अभ्यास होणे शक्य नव्हते. तेव्हा सुभेदार रामजी स्वतः रात्री उशिरापर्यंत जागत, पहाटे दोनच्या सुमारास भीमरावांना उठवत आणि मगच झोपत. भीमरावांची जिद्द मोठी होतीच, पण ती पहाट त्यांना वडिलांनी आपली झोप देऊन मिळवून दिली होती. पुढे दादरला राजगृह बांधतानाही ग्रंथांची सोय हा त्या घराच्या रचनेचाच भाग होता.

यातून आपण काय घ्यायचे? वाचनाची वेळ एकट्याच्या निश्चयावर सोडू नये. घरातल्या सर्वांनी मिळून ती ठरवावी. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास टीव्ही बंद आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. खोली एकच असेल तर कपाटात. ताटे-भांडी सर्वांनी मिळून आवरली, तर आई आणि बहीणही त्या अर्ध्या तासात बसू शकतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एकाने मोठ्याने वाचावे.

सुरुवात जाड ग्रंथाने करण्याची गरज नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत केलेले भाषण एक-दोन बैठकांत वाचून होते. राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतला विरोध त्यात थेट मांडलेला आहे. त्यानंतर 'जातिप्रथेचे विध्वंसन' घ्यावे. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे शासनाने प्रकाशित केलेले खंड इंटरनेटवर मोफत मिळतात, त्यामुळे प्रवासातही मोबाईलवर दोन-चार पाने वाचता येतात.

मोठ्या ग्रंथासाठी आपल्याकडे वर्षावासाची तयार व्यवस्था आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. तीन महिने रोज सहा पाने वाचली तरी पाचशेहून अधिक पाने होतात. मात्र अनेक ठिकाणी एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि वंदना घेऊन घरी जातात. त्यात तरुणांनी एवढी भर घालावी: रोज वाचणारा बदलावा, वाचनानंतर दहा मिनिटे प्रश्न विचारावेत आणि स्त्रियांना येता येईल अशी वेळ ठेवावी. उद्या आपली पाळी आहे हे माहीत असले की आज पुस्तक आपोआप हातात येते.

हा प्रश्न केवळ छंदाचा नाही. बाबासाहेबांच्या नावाने त्यांनी कधीच न म्हटलेली वाक्ये व्हॉट्सॲपवर रोज फिरतात. आपणही फोटो सुंदर आहे म्हणून ती पुढे पाठवतो. मूळ लेखन वाचलेले नसेल, तर खरे-खोटे ओळखणार कसे? उद्या कोणी बाबासाहेबांचेच नाव घेऊन त्यांच्या विचारांच्या उलट काही सांगू लागला, तर आपण त्याला कोणते पान दाखवणार? ऐकले म्हणून मानू नका, स्वतः तपासून घ्या, असे तथागतांनी सांगितले. तपासण्यासाठी आधी वाचावे लागते.

मित्रांनो, या आठवड्यात घरच्यांसोबत बसून तो अर्धा तास कोणता, एवढे नक्की करा. त्या अर्ध्या तासातली कामे कोण वाटून घेणार, हेही त्याच बैठकीत ठरवा.

जयभीम! नमो बुद्धाय!