शिक्र्याचा अपराध

खडकी छावणीतील एखाद्या बंगल्याच्या बागेत शिक्रा बुलबुलाचे पिलू उचलतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात दयेबरोबर सूडही जागा होतो. दुर्बलाच्या रक्षणार्थ शिकारी पक्ष्यास मारणे न्याय्य ठरेल काय? दया हा आधार मानला, तर शिक्र्याच्या घरट्यातील पिलेही विचारात घ्यावी लागतात. नर मारला गेल्यास त्यांची उपासमार होते. संख्या हा आधार मानला, तरी युक्तिवाद दुबळाच राहतो. लहान पक्ष्यांची बहुसंख्य पिले भूक, रोग वा पाऊस-थंडी यांनी वर्षाच्या आतच मरतात. ऑक्सफर्डजवळील वायटम वनात शिक्र्याचा भाऊबंद स्पॅरोहॉक कीटकनाशकांमुळे १९६० च्या सुमारास नाहीसा झाला व पुढील दशकात परतला. तथापि घरटी करणाऱ्या टिट पक्ष्यांच्या संख्येत त्यामुळे लक्षणीय फरक आढळला नाही.

कायद्याची दृष्टी मात्र इतकी सरळ नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिक्र्यास अभय दिले. अंडी-पिले पळविणारा कावळा २०२२ ची दुरुस्ती होईपर्यंत ‘उपद्रवी’ गणला गेला. कृत्य एकच, न्याय दोन! हाच कावळा माणसाने झांजीबारला नेला व तेथील स्थानिक पक्ष्यांना तो जड झाला. अशा ठिकाणी त्यास मारण्याची बाजू बळकट होते, कारण बिघाडाचे मूळ माणसाच्याच करणीत आहे. खडकीच्या शिक्र्याविषयी तसे म्हणता येत नाही.