धाकधूक आणि अँग्झायटी

पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरील दांडी, नवापूर, मुरबे, सातपाटी या मच्छीमार गावांत मासेमारीबंदीची मुदत संपून नव्या हंगामाच्या होड्या दर्यात लोटल्या जातात, तेव्हा मागे राहिलेल्या घरांत जी अस्वस्थता दाटते, तिच्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. परिणाम अनिश्चित असला की धाकधूक होते, माणूस दूर असला की हुरहूर लागते, निर्णय होईना की जिवाची घालमेल होते आणि चिंता दीर्घकाळ मुक्काम करून राहिली की तिचा घोर होतो. या समृद्ध परिवारात अलीकडे ‘अँग्झायटी’ हा इंग्रजी शब्द येऊन बसला असून, परीक्षेच्या काळजीपासून थेट मनोविकारापर्यंत सर्व काही तो एकटाच सांगू लागला आहे. म्हणून त्याचे कुळ आणि त्याचा अधिकार तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘आंगेरे’ या क्रियापदाचा अर्थ आवळणे, गळा दाबणे असा आहे. जर्मन ‘आंग्स्ट’ आणि हृदयविकारातील ‘अंजायना’ ही त्याच गोत्रातील नावे होत. इतकेच नव्हे, तर संकट व अडचण या अर्थी ऋग्वेदात येणारा ‘अंहस्’ हा शब्दही भाषाशास्त्रज्ञांच्या मते त्याच प्राचीन धातूपासून निघालेला आहे. आपली ‘चिंता’ ही मुळात चिंतन आणि फारसीच्या वाटेने आलेली ‘फिकीर’ हीही मुळात विचारच. अँग्झायटीचा उगम मात्र छातीत आणि गळ्यात, म्हणजे देहाच्या कोंडमाऱ्यात आहे.

डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द याने १८४४ मध्ये या अवस्थेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून, भीतीला निश्चित विषय असतो, हिला तो नसतो, असा भेद मांडला. १८९५ मध्ये फ्रॉइडने तिला मज्जादौर्बल्यापासून निराळे काढून स्वतंत्र विकाराचे स्थान दिले, आणि १९८० च्या अमेरिकन मनोविकार-वर्गीकरणात तिचे आणखी पोटभेद झाले. अशा रीतीने बोलीतला शब्द वैद्यकाच्या दफ्तरी दाखल झाला, तरी त्याचे बोलीतले वतन सुटले नाही, आणि आजचा सारा घोटाळा या दुहेरी वास्तव्यातून उद्भवला आहे.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा अनेक कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. भिंत खरोखरच हलत असताना वाटणाऱ्या भीतीला विकार म्हणणे हा त्या माणसांवर अन्याय होय; तिच्यावरचा इलाज मजबूत घर, वेळेवर मिळणारी खरी माहिती आणि सरकारी बंदोबस्त हाच. १९६९ पासून ज्यांच्या शेजारी तारापूरचे अणुवीजकेंद्र उभे आहे आणि वादळाची वर्दी येताच ज्यांचे डोळे दर्याकडे लागतात, त्या गावकऱ्यांच्या काळजीलाही हाच न्याय लागू आहे. याउलट कारण सरले तरी जेव्हा धडधड सरत नाही, सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवस मन आवरत नाही, झोप उडते, स्नायू आखडतात आणि रोजचा कामधंदा अडतो, तेव्हा ‘उगाच काळजी करतोस’ अशी समजूत घालून भागत नाही. वैद्यकीय अर्थाने अँग्झायटी म्हणावे ते याला, आणि समुपदेशनाने, विचार व वर्तन यांना वळण लावणाऱ्या उपचारांनी व गरज पडल्यास औषधांनी ती आटोक्यात येते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या सल्ला मिळत असल्याने, इस्पितळ दूर आहे ही सबबही आता पूर्वीइतकी टिकणारी नाही.

म्हणून हा परका शब्द हाकलून द्यावा असे मी म्हणत नाही. त्याने आपल्या जागी राहावे, एवढेच माझे निक्षून सांगणे आहे. प्रत्येक धाकधुकीला विकाराचे नाव दिले, तर ज्यांनी तिचे कारण दूर करायचे ते जबाबदारीतून मोकळे होतात. आणि प्रत्येक विकाराला नुसती काळजी म्हटले, तर आजारी माणूस उपचारावाचून एकटा पडतो. पहिल्यात समाजाचा तोटा आहे, दुसऱ्यात एका जिवाचा. आणि हे दोन्ही तोटे टाळणे बोलणाऱ्याच्या हाती आहे.