बिनखांद्याचा झगा

"मावशे, आवशीचो हात सगळ्या फोटोंनी हयसरच कित्याक गो?"

माझ्या मैत्रिणीची लेक लग्नाचा जुना आल्बम माझ्या शिलाई मशीनवर पसरून विचारत होती. लग्न तिच्या आईचे, मे १९९६ मधले. सकाळी चर्चमध्ये पांढरा पायघोळ झगा, लांब बाह्यांचा. आणि संध्याकाळच्या मांडवात निळ्या सॅटिनचा, खांदे पूर्ण उघडे असलेला दुसरा झगा. या दुसऱ्या झग्यातल्या एकूण एक फोटोत नवरीचा डावा हात काखेखाली घट्ट दाबलेला. केक कापताना उजव्या हातात सुरी, डावा काखेत. पहिल्या नाचात नवऱ्याच्या खांद्यावर उजवा हात, डावा काखेतच. पाहुण्यांना वाटले, मुलगी लाजाळू आहे. खरे कारण दोघींनाच ठाऊक होते, तिला आणि मला. तो झगा खाली घसरत होता, आणि तो मी शिवला होता.

सत्तावीस वर्षे या विषयावर आम्ही दोघी एक अक्षर बोललो नव्हतो. शाळेत एका बाकावर बसलेल्या, आजही रोज संध्याकाळी मालवणच्या बाजारात भेटणाऱ्या दोन बायका किती गोष्टी न बोलता सांभाळतात, हे बायकांना सांगायला नको.

लेकीला उत्तर देणे मात्र भागच होते, कारण तिचे लग्न मे २०२३ मध्ये ठरले होते आणि तिलाही तसाच झगा हवा होता. तिची अट एकच. "माका दोनय हात वर करून नाचूचा आसा."

मी तिला खरे ते सांगितले. तेव्हा माझे शिवणाचे प्रमाणपत्र नवे होते. दिवसाला तीन ब्लाउज आणि जून आला की शाळेचे गणवेश, एवढाच माझा अनुभव. मैत्रिणीने परदेशी मासिकातले एक चित्र आणून दिले. मी प्रिन्सेस कट ब्लाउजचा कागद घेतला, छातीच्या वर फूटपट्टी आडवी ठेवली आणि खांदे, मुंढे, गळा सगळे एका रेघेत उडवून टाकले. वरच्या काठात इलॅस्टिक ओवले. ब्लाउजचे खांदे कापले की झाला बिनखांद्याचा झगा, असा माझा सरळ हिशेब. आरशासमोर उभी राहिली तेव्हा नवरी चित्रातल्यासारखीच दिसली. पण आरशासमोर कोणी नाचत नाही!

दुसऱ्या दिवशी मायलेकी दोघी आल्या. आईने पत्र्याच्या पेटीतून तो निळा झगाच आणला होता. मी काठाची शिवण उसवली. आतल्या इलॅस्टिकचा चुरा हातावर पडला. अस्तर लावले होते तेही गुळगुळीत सॅटिनचे, म्हणजे मे महिन्यातल्या घामावर जणू तेलच. माझ्या चुका अशा टेबलावर ओळीने मांडलेल्या पाहताना बरे वाटले असे म्हणणार नाही. मैत्रीण मात्र हसायला लागली, आणि मग आम्ही दोघीही हसलो.

आता तुम्ही म्हणाल, हे झगे खांद्याशिवाय राहतात तरी कसे? मलाही हे कळायला बरीच वर्षे लागली. आपण साडीचा ब्लाउज घालतो तो खांद्यावर टांगलेला असतो. परकर कशावर राहतो? नाडीवर. नाडी कमरेत, आणि कमरेखाली अंग रुंदावत जाते, म्हणून सहा वार साडीचे ओझे घेऊनही परकर खाली उतरत नाही. बिनखांद्याच्या झग्याला आपण खांदे नसलेला ब्लाउज समजतो, तिथेच घोटाळा होतो. तो खरे तर छातीपर्यंत वर चढलेला परकर आहे. त्याचे सगळे वजन कमरेवर पेलायचे आणि वरचा भाग कमरेपासून वर उभा करायचा. वरून आवळून काही उपयोग नाही. उलट काठात इलॅस्टिक घातले की हात वर करताच ते अंगाच्या निमुळत्या भागाकडे, म्हणजे खालीच, सरकू पाहते.

हा उभा आधार आतून द्यावा लागतो. जुन्या इंग्रजी सिनेमांच्या चाहत्यांना १९४६ चा 'गिल्डा' आठवत असेल. काळ्या सॅटिनच्या बिनखांद्याच्या झग्यात रिटा हेवर्थ दोन्ही हात उंच करून नाचते आणि झगा जागचा हलत नाही. जाँ लुई या वेशभूषाकाराने त्या झग्याला आतून आधाराच्या पट्ट्या दिल्या होत्या. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायकांच्या कॉर्सेटमध्ये देवमाशाच्या पट्ट्या घालत. नाव 'व्हेलबोन', पण ते हाड नव्हे. काही देवमाशांच्या वरच्या जबड्यातून झालरीसारख्या पट्ट्या लोंबतात, आपल्या नखांच्याच जातीच्या द्रव्याच्या. लवचीक आणि चिवट. या हव्यासापायी समुद्रातले किती देवमासे गेले याला हिशेब नाही. २०१५ साली आमच्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ संशोधकांना निळे देवमासे दिसल्याची बातमी आली, तेव्हा मला आधी समुद्र आठवायच्या ऐवजी कॉर्सेट आठवले. धंद्याची खोड, दुसरे काय!

आता प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात. त्या मुंबईहून येईपर्यंत मी पहिल्या चाचणीला झाडूतले माडाचे हीर कापून घातले. दोनदा वाकेपर्यंत त्यांनी साथ दिली, तिसऱ्यांदा मोडले.

लेकीने या वेळी चित्र न आणता अमेरिकी कंपनीचा कागदी पॅटर्नच मागवला होता. हे मापवार कागदी पॅटर्न विकायची कल्पना मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याची, १८६३ च्या सुमाराची. पातळ कागद, त्यावर छापलेल्या रेघा, आपण फक्त कापायचे. मोठी सोय. पण छापील कागद कोणा एका बाईच्या अंगाचा नसतो. तो आपल्या माणसाच्या अंगावर बेतून घ्यावा लागतो.

लेकीचे माप असे. छातीच्या वर, काखेखालून घेतलेला घेर ३३ इंच. छाती ३६. कंबर २८. पाकिटावरच्या तक्त्यात नंबर १४ खाली छाती ३६, कंबर २८ असेच लिहिलेले. मैत्रीण खूश, "बघ, हिच्यासाठीच छापल्यानी!" मी मात्र नंबर १२ घेतला, ज्याची छाती ३४ आणि कंबर साडेसव्वीस आहे. कारण या कंपन्यांचे पॅटर्न साधारण 'बी' कपाच्या बांध्यावर काढलेले असतात. लेकीची पाठ अरुंद आणि छाती भरलेली. नंबर १४ घेतला असता तर छाती बरोबर बसली असती, पण पाठ आणि वरचा काठ मोठा होऊन पुढे झोळ पडला असता. साध्या ब्लाउजमध्ये तो झोळ खांदा ओढून धरतो. इथे धरणार कोण? म्हणून माप वरच्या घेराचे घ्यायचे आणि छातीला जेवढे कमी पडेल तेवढे तिथेच वाढवायचे. कागद छातीच्या टोकापाशी चिरून पुढच्या दोन्ही भागांत एक-एक इंच वाढवला, वरचा काठ होता तसाच ठेवला. कमरेचा दीड इंच बाजूच्या शिवणींत वाटून दिला. आपल्याकडच्या कटोरी ब्लाउजवाल्या बायकांनी हे कुठलेही पुस्तक न वाचता केव्हाच ओळखले आहे. घेर सगळीकडून वाढवू नये, जिथे अंग आहे तिथे वाढवावा.

मग मांजरपाटाचा नमुना शिवला. इथे घाई केली की संपले, हे मी अनुभवाने सांगते. तो घालून मी पोरीला माझ्या ओटीवर बसायला, वाकायला, कळशी उचलायला लावले. बसल्याबरोबर समोरचा भाग हनुवटीकडे उसळला! तासभर डोके खाजवल्यावर उलगडा झाला. पोरीची पाठ आखूड आहे. कागदावरची कंबर तिच्या खऱ्या कमरेपेक्षा पाऊण इंच खाली येत होती. कमरेला पट्टा बांधला की तो आपली जागा आपणच शोधतो, सर्वांत बारीक जागी जाऊन बसतो आणि जाताना सगळा झगा वर ढकलतो. कागदाला कमरेच्या वर आडवी पाऊण इंचाची घडी घातली आणि दुसरा नमुना शिवला. आता उसळणे थांबले. वरच्या काठाशी पुढे थोडी फट राहत होती, ती दोन्ही प्रिन्सेस शिवणींत पाव-पाव इंच चिमटून काढली.

खरा झगा दोन झग्यांचा असतो, एक दिसणारा आणि एक आतला. आतला मी सुती पॉपलीनचा केला. सुती कापड घाम पिते आणि अंगाला धरून राहते. त्याच्या शिवणींवर आठ पट्ट्या, टोके कानशीने गोल घासून आणि काठाच्या पाव इंच अलीकडे थांबवून, नाहीतर मांडवात नवरीला टोचणार. वरचा काठ गोलाईचा, म्हणून कापड तिथे तिरके येते आणि ताणते. त्याला सरळ धाग्याची पट्टी काठापेक्षा पाऊण इंच आखूड कापून लावली. आणि कमरेला आतून जाड विणीच्या रिबिनीचा इंचभर रुंद पट्टा, पुढे-मागे टाक्यांनी पकडलेला, कमरेपेक्षा इंचभर कमी मापाचा. घालताना आधी हा पट्टा हुकांनी लावायचा, मग चेन ओढायची. ती परकराची नाडी. या पट्ट्याला मी हुकांच्या दोन ओळी केल्या. लग्नाच्या आठवड्यात नवरी वाळते, हे मला कोणत्याही कोर्समध्ये शिकवले नव्हते.

घरात या झग्यावरून थोडी खळबळ झालीच. चर्चमध्ये खांदे झाकायचे म्हणून वर घालायला जाळीचे जाकीट ठरले होते, तेव्हा तिथे अडचण नव्हती. पण संध्याकाळचे काय? सगळ्यांत जास्त विरोध होईल असे ज्यांच्याबद्दल वाटले त्या नव्वदीच्या आजीबाईच म्हणाल्या, "आमच्या आजयेन जल्मात कधी पोलका घातल्यान नाय!" खोटे नाही. गोव्याच्या कुणबी बायका साडीची गाठ खांद्यावर मारून ब्लाउजशिवायच वावरत. वेंडेल रॉड्रिक्स या गोव्याच्या वेशभूषाकाराने ती कुणबी साडी पुन्हा लोकांसमोर आणली. उघड्या खांद्यांची लाज आपल्याकडे फार जुनी नसावी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

आईची भीती वेगळी होती. लग्नाच्या आदल्या दिवशी, रोसच्या गडबडीत, नारळाच्या रसाने माखलेल्या हातांनी तिने मला बाजूला ओढले. "पारदर्शक पट्ट्यो लाव गो. दिसूच्यो नाय कोणाक." मला त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवडत नाहीत. दिसत नाहीत असे फक्त घालणारीला वाटते, फोटोत त्या चकाकतात. पण तिच्या तोंडाकडे पाहून मला नाही म्हणवेना. सत्तावीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ तिने अंगावर काढली होती, मी नव्हे. मी झग्याच्या आत चार बारीक फासे शिवले आणि पट्ट्या पर्समध्ये ठेवल्या, सुईदोऱ्यासकट. लेकीला कळू दिले नाही.

मांडवात बँड सुरू झाला तेव्हा मी खुर्ची अशी घेतली की वरचा काठ दिसावा. लोक नवरीचे तोंड पाहत होते, मी चोळीचा काठ. पहिला नाच सावकाश. दुसऱ्याला तिने दोन्ही हात वर केले आणि माझ्या शेजारी बसलेल्या तिच्या आईचा डावा हात आपोआप स्वतःच्या काखेत गेला. काठ हलला नाही.

चौथ्या गाण्यानंतर पोरगी धावत आली. "मावशे, झगो सैल झालो." मांडवाच्या मागे, जनरेटरच्या आवाजात, मी चेन उघडून चाचपले. कमरेचा पट्टा अर्धा बोट फिरत होता. आठवडाभर नीट जेवली नव्हती ती. पट्टा दुसऱ्या ओळीच्या हुकांवर घेतला, चेन लावली. पर्समध्ये हात घातला होता तो तसाच बाहेर काढला. ती परत पळाली.

साडेदहाला मी जेवायला बसले. सोरपोतेल संपले होते, सान्ना तेवढ्या उरल्या होत्या.