नक्कल आणि नुसते दुसरे नाव

नक्कल म्हणजे मुळाहून स्वतंत्र अशी दुसरी प्रत, ही आपली साधी समजूत. सात-बाराच्या नकलेवर कोणी खाडाखोड केली, तरी दप्तरातील मूळ नोंद ढळत नाही. संगणकाच्या राज्यात मात्र ही समजूत दरवेळी खरी ठरत नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा रचली. आज ऐरोली-महापे भागातील कचेऱ्यांतही ती चालते. तिच्या आधारे हा भेद आम्ही येथे सांगणार आहोत.

या भाषेत ओळीने मांडलेल्या यादीस ‘अ‍ॅरे’ म्हणतात. समजा, वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरुळ अशी थेट पनवेलपर्यंतच्या स्थानकांची यादी आपण ‘जाणे’ या नावाने केली. आणि परतीसाठी ‘येणे बरोबर जाणे’ असे लिहिले. येथे दुसरी यादी निर्माणच होत नाही. घरी बाळू आणि शाळेत बाळकृष्ण, तशी एकाच यादीस दोन नावे मिळतात, इतकेच. मग ‘येणे’ उलटी करण्यास ‘रिव्हर्स’ ही आज्ञा दिली की ‘जाणे’ही उलटते, आणि वाशीहून निघणाऱ्या प्रवाशास पहिले स्थानक पनवेल दिसू लागते! यंत्र चूक झाल्याचे सांगतही नाही. खरा धोका तोच.

खरी दुसरी ओळ हवी असल्यास ‘स्लाइस’ ही आज्ञा आहे. २०१५ पासून यादीच्या नावाआधी तीन टिंबे देऊन नव्या कंसात ती उतरविता येते. २०२३ च्या आवृत्तीतील ‘टूरिव्हर्स्ड’ तर मूळ यादीस न शिवता नवी उलटी यादी हाती देते.

एवढ्याने भागते काय? नेहमीच नाही. प्रत्येक स्थानकाच्या जागी नाव व फलाट यांची छोटी नोंद असेल, तर ओळी दोन होतात, पण त्यांतील नोंदी त्याच राहतात. परतीचा फलाट बदलला की जाण्याचाही बदलतो. ही उथळ नक्कल होय. खोल नकलेसाठी ‘स्ट्रक्चर्डक्लोन’ ही सोय २०२२ पासून प्रमुख ब्राउझरांत आहे. त्यापूर्वी यादीचा मजकूर करून पुन्हा यादी बनवीत. त्यात तारखांची नुसती अक्षरे होत. खोल नकलेस वेळ व स्मृती अधिक लागते. नुसती नावेच असतील तर उथळ नक्कल पुरते.

म्हणून यादीत फेरफार करण्यापूर्वी एकच विचारावे: आपल्या हाती आले ते केवळ नाव, नवी ओळ, की सारा ऐवज?