ब्रेक आधी डोक्यात लागला पाहिजे

आपल्या वस्त्यांमध्ये रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, शाळेची बस नाहीतर साहेबांची मोटार चालवून संसार ओढणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. अशा घरात ड्रायव्हिंगचे लायसन्स हीच शेती आणि हेच दुकान. कमावत्याचा पाय मोडला की मुलांची फी थांबते, बहिणीचे लग्न लांबते. म्हणून गाडी थांबवणे हा केवळ गॅरेजचा विषय नाही, घराचाही आहे. गाडी पळवायला शिकवणारे पुष्कळ भेटतात, नीट थांबवायला शिकवणारे थोडे. त्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी साधा हिशेब पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर मूल धावले हे दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच १७ मीटर गेले. पुढे कोरडा रस्ता आणि चांगले टायर असले तरी थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. एकूण ३७ मीटर. वेग ८० असेल तर हाच आकडा २२ अधिक ३६, म्हणजे ५८ मीटर होतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ४० च्या वेगाला ९ मीटर पुरतात, ८० ला ३६ लागतात.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ६० वाली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी ८० वाली गाडी कचकचून ब्रेक दाबूनही अजून ताशी ६० च्या वेगात असते. आणि एवढा धोका पत्करून मिळते काय? तीस किलोमीटरच्या वाटेवर साडेसात मिनिटे, तीही रस्ता मोकळा मिळाला तर.

मग लवकर पोहोचायचेच नाही का? जरूर पोहोचावे. पण खरा जलद ड्रायव्हर तो, ज्याला ब्रेक कमी लावावा लागतो. त्याची नजर पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर खिळलेली नसते, तिच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांवर असते. सिग्नल लाल दिसला की तो आधीच ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. गाडी आपोआप मंदावते, तोवर सिग्नल हिरवा होतो आणि न थांबता तो पुढे जातो. दाब-सोड करणारा मागून येऊन त्याच सिग्नलला उभा राहतो. त्याचे इंधनही जास्त जाते आणि ब्रेकही लवकर झिजतात.

पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवावे? ती एखाद्या खांबापाशी पोहोचली की मनात ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणावे. तेवढे म्हणून होण्याआधी आपण खांबाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात हे अंतर दुप्पट करावे, गाडी भरलेली असेल तर आणखी वाढवावे.

वळणाचा नियम एकच: ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर लावा. वळणात जोराने ब्रेक दाबला तर टायरची पकड ब्रेक आणि वळण या दोन कामांत वाटली जाते आणि गाडी घसरते. मोटारसायकलवाल्यांनी तर हे पाठच करावे. अनेक मुले पुढच्या ब्रेकला भितात. पण ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक मिळून, दाब हळूहळू वाढवत लावावेत. चिखलात आणि वाळूवर हात हलका ठेवावा.

२०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीवरील नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे आहे. ही यंत्रणा चाक जाम होऊ देत नाही. अशा मोटारीत संकटाच्या वेळी ब्रेक पूर्ण दाबून धरावा आणि स्टिअरिंग फिरवून वाट काढावी. पायाखाली पेडल थरथरले तर घाबरून पाय उचलू नये, ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करत असल्याची खूण. जुन्या गाडीत एबीएस नसेल आणि चाक जाम होऊन गाडी घसरू लागली, तर क्षणभर दाब सोडून पुन्हा दाबावा. जाम झालेले चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही.

आता घाटाविषयी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे येणाऱ्या आपल्या कितीतरी गाड्या कसारा घाट आणि बोरघाट उतरतात. रात्रीचा प्रवास, जीपमध्ये दाटीवाटी, टपावर सामान. अशा वेळी डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणे. सतत दाबून ब्रेक तापतात, जळका वास येतो, पकड कमी होते. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्यावेत. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नये, तडा जाऊ शकतो. उतारावर इंजिन बंद करणे त्याहून घातक, कारण ब्रेकचे पेडल आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

ब्रेक फेल झालाच, तर पेडल भराभर पंप करावे, एकेक गिअर खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा, हॉर्न वाजवत राहावे. घाटात दुसरा उपायच उरला नाही, तर गाडी दरीकडे नव्हे, डोंगराच्या बाजूला घासावी. पण ही पाळी येऊ नये म्हणून निघण्यापूर्वी ब्रेक ऑईल आणि टायर पाहावेत. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते आणि मग तापल्यावर लवकर उकळते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. पायाजवळ पाण्याची बाटली लोळत ठेवू नये, ती पेडलखाली अडकते. काचेवर बाबासाहेबांचा फोटो आणि निळा झेंडा लावताना रस्ता झाकला जाणार नाही, असे पाहावे.

यंत्र कितीही चांगले असले तरी पाय हलवते डोके. झोपाळलेल्या ड्रायव्हरचा एक सेकंद दोन सेकंदांचा होतो. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामाच्या तासांचा प्रश्न कायद्याच्या पातळीवर नेला. पुढे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. आजही मालक सलग सोळा तास गाडी चालवायला सांगत असेल, तर एकट्याने कुढू नये. सगळ्या ड्रायव्हरांनी मिळून त्याच्याशी बोलावे. विश्रांती मागणे ही कामचुकारी नव्हे.

दारूविषयी वेगळे काय सांगावे? पाचवे शील आपण दर वंदनेत म्हणतो, स्टिअरिंगवर बसताना ते आचरणात दिसले पाहिजे.

घरच्या मंडळींनाही एक विनंती. गाडी चालवणाऱ्याला ‘कुठपर्यंत आलात?’ म्हणून वारंवार फोन करू नका. निघण्यापूर्वी त्याला झोपू द्या, गाडीत बसल्यावर पुढच्यांनी आणि मागच्यांनीही पट्टा बांधा, वेग वाढला तर बिनधास्त टोका. ड्रायव्हर मोठा दीर असो की जावई, इथे भीड धरायची नाही.

तथागतांनी अखेरच्या क्षणी भिक्खूंना अप्रमादाचा, म्हणजे सदैव सावध राहण्याचा उपदेश केला. आपल्या ड्रायव्हर बांधवांसाठी त्याचा रोजचा अर्थ एवढाच: नजर लांब, पाय तयार आणि पुढे मोकळी जागा. जयभीम.